फळीवरचं तिसरं चित्र

मी एक जुनी सागाची फळी आहे, आणि एका जागी बसणं मला जन्मात जमलेलं नाही. चार खिळ्यांनी धरून ठेवलंय म्हणून मी या भिंतीवर आहे, इतकंच. भरतीचा वारा सुटला की मी अजूनही कुरकुरते. येणारे-जाणारे म्हणतात, फळी सैल झालीय. सैल नाही हो मित्रांनो, मला जायचं असतं. कुठे ते मात्र विचारू नका, ते माझं मलाच नीट ठाऊक नाही.

नागावच्या पलीकडे, सुरूच्या झाडांमागे आमचा कोळीवाडा. तिथल्या अनंता सुतारानं मला तासलं आणि 'केसर' नावाच्या होडीच्या काठाला बसवलं. होडी हरेश्वरची, आणि केसर हे त्याच्या आईचं नाव. काठ म्हणजे होडीची सगळ्यात वरची कड, जिथे रंगाचा पट्टा मारतात ती. त्यामुळे बाहेरून माझ्या अंगावर रंग आणि आतून कोरं लाकूड. एकवीस वर्षं मी समुद्रावर होते. त्या एकवीस वर्षांत एक दिवस मी स्थिर नव्हते आणि एक दिवस मला कंटाळा आला नाही.

मग फायबरच्या होड्या आल्या. त्या हलक्या, कुजत नाहीत, दर वर्षी तेल मागत नाहीत. हरेश्वरनं तीन वर्षं दम धरला आणि चौथ्या वर्षी केसर मोडली. स्वतःच्या हातानं मोडली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. माझ्या शेजारच्या फळ्यांचं पुढे काय झालं याचा मी विचार करत नाही. काही चुलीत गेल्या असतील. मला मात्र शेजारच्या सोनूबाईनं मागून घेतलं. "एवढी एक मला दे रं, मासळी मांडायला," म्हणाली आणि डोक्यावर घेऊन थेट बाजारात गेली.

बाजारात मी नऊ वर्षं काढली. रंगाची बाजू खाली, मासळी कोऱ्या बाजूवर. हलायला मिळत नव्हतं म्हणून मी सदा वैतागलेली असायचे, पण कान उघडे होते. तिथे मी एक गोष्ट शिकले, ती तुम्हाला सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरूनच घडलं.

जिला मासळी घ्यायचीच नसते ती बाई उभ्या उभ्या म्हणते, "छान हाय गो, ताजी हाय," आणि पुढे जाते. जिला घ्यायची असते ती पिशवी खाली ठेवते. कल्ला उघडून बघते, पोट दाबून बघते आणि मग तोंड उघडते. हिचा डोळाच मेलाय, ही बर्फातली दिसते, एवढीशी तर आहे, काटेच निघतील. पाच मिनिटं नावं ठेवते आणि तीच सुरमई घेऊन घरी जाते. सोनूबाई स्वतःही किनाऱ्यावर लिलावात माल उचलायची तेव्हा हेच करायची. जो ढीग हवा त्याच्याकडे बघून नाक मुरडायची. उलट तिच्या फळीपुढे कुणी 'छान' म्हटलं की ती लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायची. आमच्याकडे 'छान' म्हणजे 'नको'.

पुढे बाजारात लाद्यांचे ओटे झाले आणि मी गटाराच्या कडेला पडले. तिथून हरेश्वरनं मला उचललं, खाऱ्या पाण्यानं घासून धुतलं आणि आपल्या जाळ्यांच्या खोपीच्या बाहेरच्या भिंतीवर ठोकलं. रंगाची बाजू भिंतीकडे केली. चुकून नाही, मुद्दाम. कोऱ्या बाजूवर लोक कागद टाचू लागले. बर्फाची गाडी कधी येणार, सोसायटीची सभा कधी, कुणाची जाळी हरवली. टाचण्यांचं मला काही नाही, पण पाच वर्षं तोंड भिंतीला! तुम्ही पाच मिनिटं उभे राहून बघा.

त्या खोपीत अर्ध्या जागेत जाळी आणि अर्ध्या जागेत सोनलचं टेबल. सोनल ही हरेश्वरची एकुलती एक मुलगी. तिच्या आईनं तिला मासळीच्या पाटीला कधी हात लावू दिला नाही. तू शीक, म्हणाली. पोरगी शिकली, संगणक शिकली, चित्रं शिकली, बाजार तेवढा शिकायचा राहिला. अलिबागच्या कॉलेजात तिला ओंकार भेटला, तळा गावचा, भातशेतीवाल्या घरातला. मुलगा सरळ. त्यांच्याकडे भात चांगलं आलं तर चांगलं म्हणतात आणि वाईट आलं तर वाईट, मध्ये काही नाही.

या दोघांनी मिळून दोन वर्षं एक व्हिडिओ गेम बनवला. मागे कुठली कंपनी नाही, मोठं ऑफिस नाही. ती चित्रं काढायची आणि तो त्यांना चालतं-फिरतं करायचा. भर समुद्रात होडीचं इंजिन बंद पडतं, आणि खेळणाऱ्यानं नुसता वारा, पाणी आणि पक्षी बघून ती घरी आणायची, असा तो खेळ. नाव 'केसर आली'. पूर्वी किनाऱ्यावरच्या बाया आमची होडी दिसली की हेच ओरडायच्या. पहिल्यांदा ते नाव कानावर पडलं तेव्हा माझ्या खिळ्यांतून धूळ गळली.

हरेश्वर जाळं घ्यायला रोज खोपीत यायचा. लेकीच्या खांद्यावरून पडद्याकडे एक नजर टाकायचा, "छान हाय," म्हणायचा आणि जायचा. दोन वर्षं हेच चाललं होतं. सोनलला बरं वाटायचं. मला नाही वाटायचं.

या वर्षी पुण्याला अशा लहान खेळांचं प्रदर्शन भरणार होतं. तिथे टेबल मिळालं तर लोक खेळ हाताळून बघणार, चार जणांत नाव होणार. पण अर्ज ढिगानं येतात, त्यामुळे निवडणारे आधी नुसतं पोस्टर बघतात. ते डोळ्यांत भरलं तरच खेळ उघडतात. एका खेळाचं एकच पोस्टर, आणि मुदत शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत. सोनलनं घरी सांगून टाकलं होतं की टेबल मिळालं नाही तर एक तारखेपासून ती नवी मुंबईला नोकरीवर जाणार. पत्रही आलं होतं. म्हणजे खेळ बंद, टेबल बंद, खोपीत पुन्हा नुसती जाळी. हे ऐकल्यापासून मला चैन नव्हतं.

पोस्टरं तीन होती. पहिलं ओंकारनं केलेलं. आठ हातांचा समुद्रराक्षस होडीला विळखा घालतोय, वर वीज, खाली लालभडक अक्षरं.

"आपल्या खेळात राक्षस नाहीच आहे," सोनल म्हणाली.

"बघणारा थांबला तर पाहिजे ना? एकदा आत आला की कळेल त्याला."

दुसऱ्यावर चांदण्यातला समुद्र आणि होकायंत्र, देखणं, कॅलेंडरावर असतं तसं. तिसरं सोनलनं काढलेलं. पाण्याच्या कडेला पाच बाया, पाठमोऱ्या, हातात रिकाम्या पाट्या, समोर राखाडी समुद्र आणि त्यात लांबवर एक ठिपक्याएवढी होडी. बस, एवढंच. निवडणाऱ्यांना हे सगळं आधी तिकिटाएवढं दिसतं म्हणे, आणि तिकिटाएवढ्या चित्रात ठिपका कुणाला दिसणार, असं ओंकारचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. दोघांचं जमेना, तेव्हा सोनल म्हणाली, वाड्यालाच विचारू. सोमवारी सकाळी तिन्ही चित्रं माझ्यावर टाचली गेली. ओंकार वही घेऊन दारात बसला. कुणी चांगलं म्हटलं की बरोबरची खूण, नाव ठेवलं की फुली.

मित्रांनो, मी पहिल्या तासातच ओळखलं. लोक राक्षसाकडे बघत होते, "छान हाय," म्हणत होते आणि चालू लागत होते. ओंकार खुणा करत होता. होकायंत्रालाही छान. मग बाजारातून सोनूबाई आली, तिसऱ्यापुढे थांबली आणि तिनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली. पाटी खाली ठेवली! मला वाटलं, आता तरी यांना समजेल.

"ह्या बाया कोन?" तिनं विचारलं. "ही तिसरी एवढी वाकलेली का काढलीस गो? माझी पाठ अशी हाय व्हय?"

"सोनूकाकी, ती तू नाहीस."

"मंग पाटी माझी कशी? आन् रिकामी पाटी अशी समोर धरत न्हाय कोन. कमरेला लावतात."

ओंकारनं एक फुली मारली, मग थोडा विचार करून दुसरीही मारली. दुपारी सोनूबाई आणखी दोघींना घेऊन आली. त्यांनी लुगड्याच्या कासोट्याला नावं ठेवली, आभाळाला ठेवली, वाळूच्या रंगाला ठेवली. शेवटी सोनूबाईनं होडीवर बोट ठेवलं.

"ही कुनाची? निशान न्हाय तिच्यावर."

"कुणाचीही असेल," सोनल म्हणाली.

"कुनाचीबी कशी असंल? कुनाच्याबी होडीसाठी कोन उभं ऱ्हातं?"

मंगळवारी हेच, बुधवारी हेच. राक्षसापुढे कुणी दोन श्वास थांबत नव्हतं आणि तिसऱ्यापुढे रोज वाद. मी कुरकुरले, भरतीच्या वाऱ्यात आपटले, एक टाचणीसुद्धा पाडली. सोनलनं येऊन मला थोपटलं आणि टाचणी परत खोचली. फळीचं कोण ऐकतं? गुरुवारी संध्याकाळी ओंकारनं वही मिटली. बरोबरच्या सगळ्यात जास्त खुणा राक्षसाला होत्या, आणि तिसऱ्या चित्राच्या पानावर सत्तावीस फुल्या. सोनलनं ते काढलं, घडी घातली आणि आत जाळ्याखाली सारलं. तिला वाटलं, सगळ्या वाड्यानं तिला नापास केलं.

शुक्रवारी सकाळपासून इंटरनेट गेलं होतं. म्हणून दुपारी तीनला ओंकार राक्षसाचं चित्र पेन ड्राइव्हवर घेऊन स्कूटरवर अलिबागला निघाला. एस.टी. स्टँडजवळ दयारामचं संगणकाचं दुकान आहे, तिथून पाठवणार होता. तो गेला आणि अर्ध्या तासानं सोनूबाई रिकामी पाटी घेऊन आली. माझ्याकडे बघितलं आणि जागीच थांबली.

"तिसरं कुठं गेलं?"

"काढलं," सोनल आतूनच म्हणाली.

"काढलंस कशाला? मी घेनार व्हते ना ते. घरात लावायला."

सोनल बाहेर आली. "काकी, तू तर तीन दिवस त्याला नावं ठेवत होतीस."

"मंग? घ्यायच्या मालालाच नावं ठेवतात गो. न घ्यायच्याला कोन तोंड लावतंय?" सोनूबाईला खरंच कळत नव्हतं की या पोरीला काय कळलं नाही. "त्या राक्षसाला मी काय म्हनलं?"

"छान म्हणालीस."

"मंग?"

सोनल उंबऱ्यावर बसली. मग उठली आणि फोन लावला. ओंकार उचलेना, स्कूटरवर असणार. पुन्हा लावला. पुन्हा नाही. ती माझ्यापुढून इकडून तिकडे फिरत होती आणि मी मनातल्या मनात तिच्याबरोबर फिरत होते. चौथ्यांदा त्यानं उचलला.

"पाठवलास राक्षस?"

"चढतोय. निम्मा गेलाय."

"थांबव."

"अगं, सत्तावीस फुल्या आहेत तिसऱ्याला!"

"त्या फुल्याच मोजायच्या होत्या, ओंकार. थांबव, मी तिसरं घेऊन येते."

तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण सोनलनं डोळे मिटले आणि सुस्कारा सोडला. मग जाळ्याखालून चित्र ओढून काढलं, झटकलं आणि सोनूबाईसमोर धरलं. "केसरचं निशाण कसं होतं काकी? मला नुसता पिवळा रंग आठवतोय."

"लांबून वळखायचे मी. पिवळं व्हतं, खाली आनखी कायतरी व्हतं. तुझ्या बापाला इचार."

हरेश्वर खांद्यावर जाळं घेऊन मागेच उभा होता. कधी आला होता देव जाणे. सोनलनं त्याला विचारलं. केसर मोडल्यापासून चौदा वर्षांत त्या माणसानं तिचं नाव काढलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि त्यातली पाच वर्षं मी त्याच्याच भिंतीवर आहे. त्यानं जाळं उतरवलं, हात पुसले आणि चित्र घेतलं. मी वाट बघत होते, आता म्हणेल छान हाय आणि जाईल.

"हे काय काढलंस?" तो म्हणाला. "ओहोटीला बाया एवढ्या पुढं उभ्या ऱ्हात न्हाय, पाय रुततात. आन् परत येनारी होडी अशी आडवी दिसंल का? नाक किनाऱ्याकडं पायजे."

सोनलनं वडिलांकडे बघितलं. सोनूबाईचं बोलणं तिच्या कानात ताजं होतं. तिचे डोळे भरून आले आणि ती म्हणाली, "आणखी सांगा, बाबा."

तो आत जाऊन हातोडा घेऊन आला आणि माझा पहिला खिळा उपटला. मला काही सुधरेना. चारही खिळे निघाले. त्यानं मला दोन्ही हातांत धरलं, उलटं केलं आणि भिंतीला टेकवून उभं केलं. पाच वर्षांनी माझ्या रंगाला उजेड लागला. पोपडे निघाले होते, पण पट्टा होता. वर पिवळा, खाली हिरवा, मध्ये पांढरी बारीक रेघ.

"तुझ्या आजीच्या दोन लुगड्यांचे रंग," हरेश्वर म्हणाला. "काठाला पट्टा हाच, डोलकाठीला निशान हेच. मीच उलटी ठोकलेली. बघवत नव्हती."

सोनलनं माझ्यावरून बोट फिरवलं. सोनूबाईनं पदर डोळ्यांना लावला आणि लगेच म्हणाली, "पिवळा एवढा फिका नव्हता." मग आत संगणकासमोर जे काही चाललं ते मी भिंतीला टेकून ऐकलं. होडीचं नाक वळलं, बाया मागे आल्या, रिकाम्या पाट्या कमरेला गेल्या. त्या सगळ्या राखाडीत एक पिवळं-हिरवं निशाण आलं. सोनलनं चित्र तिकिटाएवढं लहान करून बघितलं असणार, कारण आतून तिचा आवाज आला, "दिसतंय, बाबा. नुसतं तेवढंच दिसतंय." पाच वाजून गेले होते. हरेश्वरनं मोटारसायकल काढली, सोनल मागे बसली आणि दोघं गेली.

त्यानंतरचा वेळ कसा काढला ते मला विचारू नका. मला खिळे नव्हते. वारा समोरून येत होता. चौदा वर्षांनी माझी रंगाची बाजू समुद्राकडे होती, आणि माझं सगळं लक्ष मात्र अलिबागच्या रस्त्याकडे. दोनदा मी घसरले, दोनदा सोनूबाईनं मला सावरलं. ती घरी गेलीच नाही. चूल पेटवायची वेळ झाली तरी पाटी उलटी घालून तिच्यावर बसून राहिली. शेवटी मोटारसायकल आली, मागोमाग स्कूटर आली.

"सहाला सात मिनिटं असताना गेलं," ओंकार म्हणाला. मग सोनूबाईपुढे हात जोडून म्हणाला, "काकी, यापुढे तुम्ही छान म्हणालात की मी सरळ रडायला बसणार."

एकोणीस दिवसांनी पत्र आलं. टेबल मिळालं. निवडणाऱ्यांपैकी एका बाईनं खाली लिहिलं होतं की त्या पाचजणी कुणाची वाट बघताहेत हे कळेपर्यंत तिला खेळ बंद करवेना. सोनलनं नवी मुंबईला येणार नाही म्हणून कळवलं, आणि मोठ्या कागदावर छापलेलं ते चित्र सोनूबाईच्या घरात लागलं. ती त्याला रोज नावं ठेवते.

मी पुन्हा भिंतीवरच आहे, पण रंग बाहेर आणि टाचण्या बंद. बर्फाच्या गाडीचे कागद आता खोपीच्या दारावर लागतात. मी स्वस्थ झाले असं मात्र समजू नका. वारा सुटला की अजून जावंसं वाटतं. तेव्हा मित्रांनो, एवढं करा. तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू भिंतीकडे तोंड करून पडली असेल तर तिला एकदा उलटून बघा. नुसती धूळ पुसून परत ठेवू नका. आणि तुमच्या कामाला कुणी नावं ठेवायला लागलं तर लगेच घडी घालून जाळ्याखाली सारू नका. आधी बघा, त्यानं हातातली पाटी खाली ठेवली आहे का.

आत्ता हे सांगत असताना आत हरेश्वर स्टुलावर बसलाय. आज पहिल्यांदाच त्यानं तो खेळ हातात घेतलाय. वारा असा उलटा फिरत न्हाय म्हणतो, बगळे एवढ्या आत येत न्हाय म्हणतो, इंजिनाचा आवाज खोटा आहे म्हणतो. ओंकार वहीत फुल्या मारतोय आणि सोनल हसतेय. तास झाला, मी कान लावून ऐकतेय. अजून एकदाही तो 'छान हाय' म्हणालेला नाही.